क्षरणचक्रवाले डेव्हिस नेमके होते कोण?

समोच्चरेषा

नमस्कार मंडळी. भूरूपशास्त्राचा पेपर यंदा पहिल्यांदाच माझ्याकडे आलाय. काल डेव्हिसचं क्षरणचक्र शिकवलं, म्हणजे उचललेली जमीन नद्यांनी झिजत झिजत सपाट कशी होते ते. युवावस्था, प्रौढावस्था, वृद्धावस्था, फळ्यावर तीन आकृत्या आणि खाली चौकटीत 'रचना, प्रक्रिया, अवस्था'. तास संपता संपता मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, हा डेव्हिस कोण होता? म्हणजे हे त्याला सुचलं कुठं?" मी म्हटलं, अमेरिकन भूगोलतज्ज्ञ, १८५० ते १९३४. पोरगी म्हणाली, "ते पुस्तकात आहे."

खरंच की. घरी येऊन माझ्या एम.ए.च्या वह्या काढल्या. त्यातही तेवढंच, वर '१८९९ साली मांडले' एवढी भर. ज्या माणसाच्या नावावर आपण दरवर्षी दहा मार्कांचा प्रश्न टाकतो, त्याच्याबद्दल मला दोन वाक्यं बोलता येऊ नयेत, याची जरा लाज वाटली. कुणी वाचलंय का त्यांच्याबद्दल? सनावळ्या मिळतात हो, मला माणूस हवाय. पुढचा तास शुक्रवारी आहे.

---

निवृत्त_मास्तर

बाई, त्या मुलीला माझा नमस्कार सांगा. मी बत्तीस वर्षं भूगोल शिकवला आणि त्यातली पहिली दहा-बारा वर्षं हे चक्र तुमच्यासारखंच शिकवलं, तीन आकृत्या आणि चौकट. मला कुणी विचारलं नाही आणि मीही आपणहून शोधायला गेलो नाही.

माणूस हवाय म्हणता, तर जन्मापासून सुरू करू नका. १८८२ पासून करा. त्या वर्षी विल्यम मॉरिस डेव्हिस बत्तीस वर्षांचे होते. लग्नाला तीन वर्षं झालेली, हार्वर्डमध्ये कनिष्ठ शिक्षकाची जागा. आणि हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी त्यांना कळवलं की इथं तुमच्या बढतीची आशा फारशी धरू नका. साध्या मराठीत, तुमचं इथं काही खरं नाही. नावावर सांगण्यासारखं लेखन नव्हतं, त्यामुळे उलट बोलायलाही जागा नव्हती.

तोवरची वाटही काही सरळ नव्हती. जन्म फिलाडेल्फियाचा, घर क्वेकर पंथाचं. आईची आई म्हणजे ल्युक्रेशिया मॉट, गुलामगिरीविरुद्ध आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी लढलेली बाई. (वर्गात हे जरूर सांगा, मुली कान टवकारतात.) १८६९ ला हार्वर्डची पदवी, पुढच्या वर्षी इंजिनिअरिंगची वरची पदवी, आणि मग तीन वर्षं कुठं, तर अर्जेंटिनातल्या कोर्दोबाच्या राष्ट्रीय वेधशाळेत. परत आल्यावर १८७६ मध्ये हार्वर्डला भूशास्त्राचे प्राध्यापक नॅथॅनिएल शेलर यांचे साहाय्यक म्हणून लागले. पीएच.डी. त्यांनी केलीच नाही. भूगोलाची पदवीही नाही, आणि घ्यायची म्हटली तरी अमेरिकेत तेव्हा ती देत होतं कोण?

आता त्या मुलीच्या प्रश्नाचा दुसरा भाग, सुचलं कुठं. याला उत्तर आहे आणि ते पुस्तकात नसतं याचं मला अजून नवल वाटतं. एलियट यांनी बजावलं त्याच्या पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, डेव्हिस मोंटानात गेले. नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेच्या आसपासचा मुलूख तपासायला राफाएल पंपेली यांनी सर्वेक्षण काढलं होतं, त्यात यांच्याकडे कोळशाच्या थरांचं काम आलं. कोळसा बघायला गेलेला माणूस तिथं जमिनीकडे बघत बसला.

समोर काय होतं, ते फळ्यावर काढा. मिसुरी नदीच्या बाजूंना लांबवर पसरलेलं मैदान. त्या मैदानावर मधूनच उभे राहिलेले, डोक्यावर लाव्ह्याची टोपी घातलेले सपाट माथ्याचे डोंगर. आणि मैदानाच्या पोटात नदीने कापलेली अरुंद दरी. एवढंच. आता मुलांना विचारा, लाव्हा वाहिला तेव्हा जमीन कुठल्या उंचीवर होती? त्या माथ्यांच्या. म्हणजे डोंगरांच्या मधला सगळा खडक झिजून वाहून गेला तेव्हा कुठं हे मैदान उघडं पडलं. सपाट जमीन दिसली की ती समुद्राच्या लाटांनी तासली असणार, असं त्या काळी ब्रिटिश भूशास्त्रज्ञ म्हणत. इथं समुद्राचा संबंध कुठं होता? ते काम पावसाचं आणि नद्यांचं, फार फार वेळ घेऊन केलेलं. मैदान म्हातारं झालं, मग जमीन पुन्हा उचलली गेली, आणि नदीने नव्याने खोदायला घेतलं. दरी तरुण. एकाच ठिकाणी उभं राहून दोन वयं दिसली.

तुकडे सगळे त्यांचे नव्हते. नदी कुठवर खोदू शकते ती शेवटची पातळी, आपण आधारतल म्हणतो ती, अमेरिकन भूशास्त्रज्ञ पॉवेल यांनी १८७५ मध्येच सांगितली होती. त्यांचेच सहकारी गिल्बर्ट यांचं नद्यांच्या झिजेवरचं काम होतं. डेव्हिसनी ते एका गोष्टीत ओवलं आणि गोष्टीला वय दिलं. १८८९ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या नद्या-दऱ्यांवरचा मोठा लेख आला, नव्याने निघालेल्या नॅशनल जिओग्राफिक मासिकात. झिजून जवळजवळ सपाट झालेलं मैदान म्हणजे पेनिप्लेन, हा शब्दही त्याच वर्षीचा. त्या मैदानावर उरलेल्या टेकाडाला मोनॅडनॉक म्हणतो, ते न्यू हॅम्पशायरमधल्या एका खऱ्या डोंगराचं नाव. मी कितीतरी वर्षं तो ग्रीक शब्द असेल असं समजत होतो!

नोकरीचं म्हणाल तर १८८५ ला साहाय्यक प्राध्यापक, १८९० ला प्राकृतिक भूगोलाचे पूर्ण प्राध्यापक. 'आशा धरू नका' पासून आठ वर्षं. पुढे गंमत बघा. अमेरिकेतल्या शाळांत काय शिकवावं हे ठरवायला १८९२ मध्ये दहा जणांची समिती बसली, तिचे अध्यक्ष हेच एलियट. आणि भूगोलासाठी जी उपसमिती नेमली, तिच्यात डेव्हिस.

तास कसा घ्यायचे, तर हात सढळ आणि जीभ कडक. नकाशे, उठावाचे नमुने आणि स्वतः काढलेल्या आकृत्या. डोळ्यांनी काय दिसलं आणि तुम्ही काय अनुमान काढलं, हे वेगळं सांगता आलं नाही तर विद्यार्थ्याची खैर नसे. त्यांच्या हाताखालून कोण गेलं बघा: आयझाया बोमन, एल्सवर्थ हंटिंग्टन, मार्क जेफरसन, मातीचे अभ्यासक कर्टिस मार्बट, डग्लस जॉन्सन. हंटिंग्टनना तर १९०३ मध्ये तुर्कस्तानच्या मोहिमेवर सोबत नेलं. म्हणजे मध्य आशियातला तो तुर्कस्तान. मोहिमेचे प्रमुख पुन्हा पंपेलीच.

आता माझी एक चूक सांगतो, कारण ती या विषयातलीच आहे. एका सहलीत मुलांना नदीकाठी नेलं होतं. वरच्या अंगाला पसरट, निवांत खोरं, आणि दोन-तीन मैल खाली गेलं की एकदम घळ. एकाने विचारलं, "सर, नदी वर म्हातारी आणि खाली तरुण कशी? उलटं पाहिजे ना?" मी म्हटलं, "अपवाद असतो." बसमध्ये परत येताना मला कळत होतं की मी थाप मारली. घरी येऊन पहिल्यांदा डेव्हिसचा १८९९ चा मूळ निबंध मिळवून वाचला, मार्गदर्शकातला उतारा नव्हे. तेव्हा लक्षात आलं, तो मुलगा मोंटानाचंच चित्र बघत होता. जमीन उचलली गेल्यावर नवी खोदाई खालून सुरू होते आणि टप्प्याटप्प्याने वर सरकते, ती जिथवर पोचली तिथं नदीपात्राला ठेच लागल्यासारखी पायरी असते. वरच्या खोऱ्याला अजून बातमीच पोचलेली नसते. अपवाद कसला, सिद्धांताचा जन्मच तिथला.

आणि त्याच निबंधात हेही दिसलं की जमीन झटकन उचलली जाते आणि मग स्वस्थ बसते, हे त्यांनी समजायला सोपं म्हणून धरलं होतं. उचलणं आणि झिजणं बरोबरीने चालू शकतं, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. आपण नोट्स उतरवून देताना ते वाक्य गाळलं. मला वाटतं, हा माणूस आधी मास्तर होता आणि मग शास्त्रज्ञ. चक्र हे फळ्यावर काढता येईल अशा बेताने रचलेलं आहे. म्हणून ते जगभर गेलं, आणि म्हणूनच पुढे मार खाल्ला.

पुढचं उद्या. डोळे दुखतात.

---

दगडधोंडे

मास्तर, लिहिलंय झकास, पण जरा जास्तच प्रेमाने. मी भूशास्त्रवाला, तेव्हा दुसरी बाजू मांडतो.

डेव्हिसनी मोजलं काय? उताराचा कोन, गाळाचं प्रमाण, प्रवाहाचा वेग, काही नाही. 'रचना, प्रक्रिया, अवस्था' म्हणायचं आणि प्रक्रियेवर बोलायची वेळ आली की अवस्थेकडे वळायचं. १९४५ मध्ये हॉर्टन यांनी नदीजाळ्याचं गणित मांडलं, त्यानंतर स्ट्रालर आले, १९६० मध्ये हॅक यांनी तर अ‍ॅपलाचियन भागातच, म्हणजे डेव्हिसच्या अंगणात उभं राहून सांगितलं की हे सगळं गतिशील समतोलाने, म्हणजे खडकाचा टणकपणा आणि झीज यांच्या तोलाने, समजावता येतं, वयाची गरज नाही.

आणि डेव्हिसच्या चक्राला आव्हान देणाऱ्या जर्मन वाल्टर पेंकचं काय? बिचारा १९२३ मध्ये पस्तिसाव्या वर्षी गेला. पुस्तक बापाने, आल्ब्रेख्त पेंक यांनी, पुढच्या वर्षी छापून काढलं. जर्मन भाषा अवघड, त्यात त्याची शैली आणखी अवघड. १९३२ मध्ये डेव्हिसनी पेंकच्या मतांचा इंग्रजीत जो परिचय करून दिला, त्यात उतारांबद्दलचं त्याचं म्हणणं चुकीचं उतरलं. इंग्रजी भाषांतर आलं थेट १९५३ मध्ये. म्हणजे वीसेक वर्षं इंग्रजी वाचणाऱ्यांनी पेंकला डेव्हिसच्या तोंडून ऐकलं. वादात समोरचा हयात नाही आणि त्याची बाजूही तुम्हीच मांडताय. याला काय म्हणायचं?

---

खडूफळा

दोघेही बरोबर आहात, भांडू नका. 🙂

मी शाळेत शिकवते, माझा मुद्दा अगदीच छोटा. डेव्हिसची ठोकळाचित्रं. जमिनीचा एक चौकोनी तुकडा पाटवडीसारखा कापून उचलायचा, म्हणजे वर भूरूप दिसतं आणि कापलेल्या बाजूला खडकांचे थर. हे तंत्र त्यांनी फार वापरलं आणि रुळवलं. समोच्चरेषाताई, शुक्रवारी तयार चित्र लावू नका, मुलांसमोर काढा. आधी समोरची कड काढायची, तिच्यावर थर आखायचे, आणि मग त्या कडेवरूनच दरीचा इंग्रजी व्ही खाली उतरवायचा. मुली वरचा पृष्ठभाग आधी रंगवायला घेतात आणि मग नदी थरांच्या वरून तरंगत जाते. माझ्या वर्गात दर वर्षी निदान पाच नद्या तरंगतात.

---

निवृत्त_मास्तर

दगडधोंडे, पेंकबद्दल तुमचं म्हणणं मान्य. तिथं मी बचाव करणार नाही. मुद्दाम केलं असं मात्र मला वाटत नाही. ऐंशी ओलांडलेला माणूस, आयुष्यभर एकाच चष्म्यातून बघितलेलं. दुसऱ्याचं पुस्तक वाचतानाही तोच चष्मा नाकावर होता. त्यांना जर्मन येत नव्हतं असंही नाही. १९०८-०९ मध्ये बर्लिनला पाहुणे प्राध्यापक म्हणून गेले तेव्हा व्याख्यानं जर्मनमध्ये दिली, आणि त्यांचं पुस्तक १९१२ मध्ये जर्मनमध्येच निघालं. बर्लिनच्या वर्षी अदलाबदलीत तिकडून अमेरिकेला कोण गेलं, माहीत आहे ना? थोरले पेंक, वाल्टरचे वडील.

मोजलं नाही, हेही कबूल. पण निवृत्तीनंतरचं आयुष्य बघा, म्हणजे माणूस खुर्चीत बसून गोष्टी रचत होता असं म्हणवणार नाही. १९१२ मध्ये हार्वर्ड सोडलं. त्याच वर्षी अमेरिकन जिओग्राफिकल सोसायटीने युरोपातले भूगोलतज्ज्ञ बोलावून खास आगगाडीने न्यूयॉर्कहून पश्चिम किनाऱ्यापर्यंत आणि परत असा जवळजवळ दोन महिन्यांचा दौरा काढला, त्याचे म्होरके डेव्हिस. नुसती कल्पना करा, डब्यात देशोदेशीचे प्राध्यापक, खिडकीबाहेर भूरूपं, आणि हे बासष्ट वर्षांचे गृहस्थ पुढच्या स्टेशनला काय बघायचं ते सांगतायत. मला आयुष्यात एकदा असं विद्यार्थी होऊन बसायला आवडलं असतं.

चौसष्टाव्या वर्षी पॅसिफिकमध्ये प्रवाळबेटं बघायला निघाले. फिजी, न्यू कॅलेडोनिया, ऑस्ट्रेलियाचा किनारा. बेट खचत जातं आणि प्रवाळ वर वाढत जातं, हे डार्विनचं म्हणणं त्यांनी उचलून धरलं. पुरावा कुठला शोधला, तर प्रवाळात नाही, बेटांच्या किनाऱ्यावर. बुडालेल्या दऱ्या, आत शिरलेल्या खाड्या. जमीन खचल्याशिवाय नदीची दरी समुद्रात कशी बुडेल? पुन्हा नदीच. त्याचं पुस्तक १९२८ मध्ये आलं. १९३० मध्ये, ऐंशीव्या वर्षी, चुनखडीतल्या गुहांवर मोठा लेख लिहिला, मुख्यतः नकाशे आणि इतरांच्या नोंदी समोर ठेवून. (हे वाक्य मी दगडधोंडे यांच्या हातात आयतं कोलीत दिलं, कळतंय मला.) शेवटची वर्षं पश्चिमेकडच्या विद्यापीठांत शिकवत काढली आणि ५ फेब्रुवारी १९३४ ला कॅलिफोर्नियात पॅसाडीनाला गेले. वाढदिवस आठवड्यावर होता.

---

समोच्चरेषा

सर, दगडधोंडे, खडूफळाताई, तिघांचेही आभार. १८८२ चं वाचून मी जरा वेळ गप्पच बसले. माझी नोकरी अजून कायम नाही आणि मागच्या महिन्यात मलाही साधारण तसंच ऐकवलं गेलंय, फक्त ऐकवणारे एलियट यांच्याइतके मोठे नव्हते. असो.

एक विचारायचं राहिलं. अमेरिकेतल्या भूगोलतज्ज्ञांची संघटना यांनीच काढली ना?

---

निवृत्त_मास्तर

हो, १९०४ मध्ये, डिसेंबरात, फिलाडेल्फियाला. कल्पना त्यांचीच आणि पहिले अध्यक्षही तेच. सुरुवातीचे सभासद ४८. अट अशी की नुसती आवड चालायची नाही, स्वतःचं संशोधन हवं. त्या ४८ जणांत दोन स्त्रिया होत्या, एलन सेंपल आणि मार्था क्रुग-गेंथे. आणि भूगोलातली पीएच.डी. त्या अख्ख्या गोतावळ्यात एकाच व्यक्तीकडे होती, क्रुग-गेंथे बाईंकडे, तीही जर्मनीतल्या हायडेलबर्गची.

कायम होण्याबद्दल मी उपदेश करणार नाही. लेख मात्र लिहीत राहा, एलियटसारख्यांना तीच एक भाषा कळते. आणि हार्वर्डचं फार मनावर घेऊ नका, त्यांनी १९४८ मध्ये भूगोल विभागच बंद केला.

---

समोच्चरेषा

शुक्रवारचा वृत्तांत देते.

चक्र, अवस्था, काही नाव घेतलं नाही. खडूफळाताईंच्या पद्धतीने ठोकळा काढला: मैदान, लाव्ह्याच्या टोपीचे दोन डोंगर, मधून खोल दरी. (माझी नदीही पहिल्या खेपेला तरंगली. पुसून पुन्हा काढली.) मग विचारलं, यात सगळ्यात म्हातारं काय आणि सगळ्यात तरुण काय. हात वर करा.

अर्ध्याहून जास्त वर्ग म्हणाला, दरी म्हातारी. का? "खोल आहे ना मॅडम, एवढं खोदायला किती वर्षं लागली असतील!" ज्यांच्या वहीत कालपरवाच 'युवावस्थेत दरी खोल व अरुंद असते' हे वाक्य उतरवलेलं आहे, तीच मुलं. मी वाक्य वाचायला लावलं, तरी दोघं ऐकेनात.

मग मी टोप्यांवरून जमिनीची जुनी पातळी तुटक रेषेने जोडली. दोन्ही माथे आणि मधली मोकळी हवा. म्हटलं, इथं खडक होता, हा सगळा गेला. दरीतून गेला तो जास्त की हा? वर्ग पाच सेकंद शांत. आणि मागच्या बाकावरची तीच पोरगी म्हणाली, "म्हणजे जे दिसत नाही ते मोजायचं."

त्यानंतर एलियट, मोंटाना, पॅसिफिक सगळं सांगितलं. पेंकचं सांगायला वेळ उरला नाही, ते पुढच्या तासाला. दगडधोंडे, उतारांबद्दल पेंकचं खरं म्हणणं आणि डेव्हिसनी दाखवलेलं म्हणणं शेजारी शेजारी काढता येईल अशी एखादी आकृती आहे का तुमच्याकडे?

---

दगडधोंडे

आहे, हाताने काढलेली. रात्री फोटो टाकतो. आणि "जे दिसत नाही ते मोजायचं" म्हणणाऱ्या पोरीला भूगोलात ठेवू नका, आमच्याकडे पाठवा.

---

निवृत्त_मास्तर

अजिबात पाठवू नका.